जमीन पुरते, मग माणूस उपाशी का?

जगातली शेतजमीन सगळ्यांना सारखी वाटली, तर तुमच्या वाट्याला किती येईल? पिकांखाली साधारण दीडशे कोटी हेक्टर जमीन आहे आणि खाणारी तोंडं आठशे कोटी. म्हणजे माणशी अर्धा एकरही नाही.

तेवढ्यात भागतं? हो, भागतं. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन धान्य पिकतं. माणशी रोज जवळजवळ एक किलो! एक किलो गहू किंवा तांदूळ म्हणजे तीन हजारांहून जास्त कॅलरी. डाळी, बटाटे, भाज्या, फळं तर अजून धरलीच नाहीत.

तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सुमारे ७३ कोटी लोक अर्धपोटी होते.

मग धान्य जातं कुठे? त्यातलं निम्मंही थेट माणसाच्या ताटात येत नाही. एक तृतीयांशाहून जास्त गुरं, डुकरं, कोंबड्या खातात. अमेरिकेतल्या मक्याचा साधारण तिसरा हिस्सा इथेनॉलच्या कारखान्यांत, म्हणजे शेवटी गाड्यांच्या टाकीत जातो. शिवाय २०२२ मध्ये जगभरातली दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त घरांतलं होतं. (आपल्या फ्रिजमधली परवाची भाजी आठवली ना?)

पण खरी अडचण खिशाची आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं, की त्या वर्षी बंगालमध्ये १९४१ पेक्षा कमी तांदूळ नव्हता. युद्धामुळे भाव कडाडले, शेतमजुरांची मजुरी मात्र त्या वेगाने वाढली नाही. तांदूळ बाजारात होता, पण त्यांना तो परवडत नव्हता.

याच्या अगदी उलट घडलं महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळात. तिथे पीक खरोखरच बुडालं होतं. पण सरकारने दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये तर जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत होती, तलाव खणत होती. हातात मजुरी पडत होती, म्हणून चूल पेटत होती. हाल खूप झाले, पण बंगालसारखे भूकबळी गेले नाहीत. तुमच्या घरातलं कुणी त्या कामांवर गेलं असेल, तर त्यांना सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीबद्दल विचारा. चवीला ती कुणालाच आवडायची नाही.