हायब्रिड गाडीत डॅशकॅम बसवताना

हायब्रिड गाडी घेतली की पुष्कळांना वाटतं, एवढी मोठी बॅटरी आहे, मग डॅशकॅम रात्रभर चालू राहिला तर काय बिघडतं? बिघडतं. कारण अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतल्या प्रियसची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची. चाकं फिरवायला आणि इंजिन सुरू करायला वीज तीच पुरवते. डॅशकॅम, दिवे, कुलपं, संगणक मात्र १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. स्टार्टरचा झटका सोसायचा नसल्याने ती बऱ्याचदा लहानच ठेवलेली असते.

आता हिशेब करा. ४ वॅटचा कॅमेरा दिवसभरात ८ अँपिअर-तास खातो. गाडी चार दिवस सोसायटीत उभी राहिली की छोटी बॅटरी डाउन. मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही, कारण तिला जोडणारे रिले १२ व्होल्टवरच चालतात! हा पेच मला फार महत्त्वाचा वाटतो. दुकानात तो क्वचितच कुणी समजावतं.

म्हणून पार्किंग मोड हवाच असेल, तर व्होल्टेज घसरताच वीज तोडणारं हार्डवायर किट घ्या. जोडणी फ्यूज बॉक्समधून करून घ्या. काचेशेजारच्या खांबात एअरबॅग असेल, तर वायर तिच्या मागून न्यायला सांगा; पुढून नेली तर ती उघडताना अडते. आणि नारिंगी आवरणाच्या वायरी उच्च दाबाच्या असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका.