पाणी उदंड, तरी ठिबक कशाला?

‘ठिबकचं अनुदान दुष्काळी भागासाठी, आपल्याकडं पाणी आहे.’ कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक नुकसान या समजुतीनं केलं आहे. तिला थोडा आधार होता. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेला राज्य सरकार जी पूरक रक्कम जोडतं, ती सुरुवातीला ठरावीक, मुख्यतः अवर्षणप्रवण तालुक्यांपुरतीच होती. २०२१ पासून ती उरलेल्या तालुक्यांनाही लागू झाली.

आणि मुबलक पाण्याच्या भागात ठिबक हवंच कशाला, याचं उत्तर शिरोळ तालुक्यात जाऊन बघावं. भारी काळी जमीन, निचरा मंद आणि उसाच्या सऱ्या वर्षानुवर्षं तुडुंब. जादा पाण्यानं जमिनीखालची पातळी वर आली, पाणी उडून गेलं, क्षार मागं राहिले. नदीकाठची सोन्यासारखी शेतं क्षारपड झाली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशी अनेक शेतं पुन्हा पिकाखाली आली, पण तो खर्च एकट्या शेतकऱ्याला पेलणारा नाही. इथं ठिबक पाण्याआधी जमीन वाचवतं.

आता पैशाचं. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के (५५ अधिक राज्याचे पूरक २५) आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. मात्र हे टक्के दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत. दोन नळ्यांमधल्या अंतरानुसार सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर ते मोजले जातात. समजा, मापदंड ५० हजारांचा आणि बिल ६० हजारांचं. तर अल्पभूधारकाला ४० हजार मिळतील आणि खिशातून १२ नव्हे, २० हजार जातील. कोटेशन घेतानाच हा हिशेब मांडावा.

‘आधी संच बसवू, अर्ज मागनं करू’ म्हणणारे तर हातचं अनुदान घालवतात. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, त्यानंतर मोका तपासणी आणि शेवटी आधार जोडलेल्या बँक खात्यात रक्कम, हा क्रम मोडता येत नाही. ज्यांनी पूर्वी एकदा लाभ घेतला, त्यांनीही कायमचं बाद झालो असं समजू नये. सात वर्षांनी त्याच क्षेत्रासाठी पुन्हा अर्ज करता येतो.

शहरात ऐकू येणारा ‘शेतकऱ्यांना फुकट वाटप’ हा आरोप मला फार लागतो. अमेरिकेत धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं लागवडीतून बाहेर ठेवायला १९८५ पासून सरकार शेतकऱ्याला दरवर्षी भाडं देतं. आपल्याकडं साहित्यापोटी एका संचामागं एकदाच वाटा मिळतो, आणि तोही शेतकऱ्यानं स्वतःचे पैसे घातल्यावर.

अनुदान मिळालं की सगळं सुटलं, हेही खरं नाही. पाणीपुरवठा संस्थेचं पाणी पाळीनं येतं, ठिबकला ते रोज किंवा दिवसाआड लागतं. शिवाय आकारणी बहुधा एकरावर असते. पाणी वाचवणारा आणि पाट वाहता ठेवणारा सारखीच पाणीपट्टी भरतात. म्हणून अर्जाआधी संस्थेशी पाळीचं बोलून घ्यावं. विहीर नसेल, तर शेततळ्याचा अर्जही महाडीबीटीवरच करता येतो.