टिटवाळ्याच्या नावाचे मोल

ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा हे कल्याण-कसारा रेल्वेमार्गावरील गाव महागणपतीच्या मंदिरामुळे सुपरिचित आहे. अंगारकी चतुर्थीला तेथे भाविकांची रीघ लागते. त्यांच्या निवासाची वा भोजनाची सोय करणारा एखादा व्यावसायिक संकेतस्थळ काढू पाहतो, तेव्हा गावाचे नाव असलेले डोमेन कोणीतरी आधीच नोंदविलेले असू शकते. त्यासाठी मागितलेली किंमत रास्त आहे किंवा कसे, हे कोणत्या कसोट्यांवर ठरवावे?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, डोमेन ही जमिनीसारखी कायमची मालमत्ता नव्हे. एका वेळी फार तर १० वर्षांची नोंदणी मिळते व नूतनीकरण चुकल्यास हक्क संपुष्टात येतो.

दुसरी कसोटी सुलभतेची. ऐकताच अचूक लिहिता येईल, ते नाव मोलाचे. टिटवाळा हे नाव रोमन लिपीत कोणी 'डब्ल्यू'ने, तर कोणी 'व्ही'ने लिहील. 'डॉट भारत'मुळे २०१४ पासून देवनागरीत नाव घेता येते. परंतु 'ळ'ऐवजी 'ल' लिहिणारा ग्राहक भलतीकडेच पोहोचेल.

तिसरी कसोटी पर्यायाची. 'टिटवाळा' या शब्दाला 'निवास' किंवा 'भोजनालय' जोडून नवे नाव नेहमीच्या नोंदणी शुल्कात मिळत असेल, तर मूळ नावासाठी किती अधिक द्यावे, हे त्यामुळे वाढणाऱ्या ग्राहकांवरून ठरवावे. अशाच नावांच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात; केवळ मागितलेल्या किमती हा पुरावा नव्हे.

नाव निर्वेध असणेही अगत्याचे आहे. 'रेडिफ'शी साम्य असलेल्या 'रॅडिफ' या डोमेनच्या वापरास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे' प्रकरणात मान्य केले. दुसऱ्याच्या नावलौकिकावर बेतलेले नाव विकत घेणे म्हणजे दावा विकत घेणेच होय.

विक्रेत्यानेही सावध असावे. मोठ्या किमतीचे आमिष दाखवून आधी पैसे भरून मूल्यांकनाचा दाखला आणावयास सांगणे, ही फसवणुकीची जुनी रीत आहे. व्यवहाराची रक्कम विश्वासू मध्यस्थाकडे ठेवावी व नाव हस्तांतरित झाल्यावरच ती विक्रेत्यास मिळावी.

गावाची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेने वाढलेली असते. तिचा लाभ व्यवसायाला अवश्य व्हावा. मात्र नावाची किंमत त्याच्या उपयोगावरूनच ठरवावी, यातच शहाणपण आहे.