थोरली मुलगी असली की...

"पहिली मुलगी ना? मग आता मुलगाच होऊ दे गं बाई!" मैत्रिणींनो, हे वाक्य बाळंतिणीच्या खाटेशी किती सहज बोललं जातं! पण ते नुसतं बोलणंच राहतं, की जन्माच्या आकड्यांतही उतरतं? हे ताडून पाहायची एक रीत संख्याशास्त्रात आहे. तिचं नाव काय-वर्ग चाचणी. ('काय' हे ग्रीक अक्षर, आपला प्रश्न नव्हे!) इंग्रज गणिती कार्ल पिअर्सन यांनी ती १९०० साली मांडली.

आपल्या बुलडाण्याला या हिशेबाची गरज आहेच. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यातलं. अन् इथंच सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ वर आल्या. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बुलडाण्याचं नाव आलं, ते यामुळंच.

चाचणी करायची कशी? उदाहरणापुरते आकडे घेऊ. दुसऱ्या खेपेची २०० बाळंतपणं. १०० जणींची थोरली मुलगी. त्यांना आता ३८ मुली, ६२ मुलगे झाले. बाकी १०० जणींचा थोरला मुलगा. त्यांना ५२ मुली, ४८ मुलगे. एकूण मुली ९०, मुलगे ११०. थोरल्याचा काही संबंध नसता, तर दोन्हीकडे साधारण ४५ मुली अन् ५५ मुलगे यायला हवे होते. चारही रकान्यांत फरक ७ चा. ७ चा वर्ग ४९. त्याला त्या-त्या अपेक्षित आकड्यानं भागायचं अन् चारही उत्तरं मिळवायची. येतात ३.९६. अशा चार रकान्यांसाठी रेघ ३.८४ वर आखतात. संबंध नसताना निव्वळ योगायोगानं ती ओलांडणं शंभरात पाचदाच घडतं. म्हणजे इथं शंकेला जागा आहे.

आता प्रमाण तेच, पण बायका निम्म्या घ्या. उत्तर १.९८, रेघेच्या आत! म्हणून लहान गावातल्या वीस-पंचवीस जन्मांवरून "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणू नये, अन् शेजारच्या गावावर बोटही ठेवू नये. मला तर या चाचणीतली हीच गोष्ट मोलाची वाटते.

कारण मात्र ती सांगत नाही. ते आपण शोधायचं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं. थोरलं कोण, हे काही निसर्ग विचारत बसत नाही. मग संबंध दिसलाच, तर आधी नोंदी नीट आहेत ना ते बघायचं, अन् मग सोनोग्राफीच्या खोलीकडे. गर्भाचं लिंग सांगायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे.

देशभराचा असा हिशेब प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ११ लाख घरांची पाहणी, १९९७ मधले जन्म. थोरली मुलगी असलेल्या घरी दुसऱ्या खेपेला १००० मुलांमागे ७५९ मुली. आधीच्या दोन्ही मुली असल्या तर ७१९. थोरला मुलगा होता तिथं मुली कमी नव्हत्याच. अन् थोरली मुलगी असलेल्या घरांतली ही घट निरक्षर आयांपेक्षा दहावी अन् त्यापुढं शिकलेल्या आयांमध्ये जास्त होती.