उंदराची किंमत आणि उंदराचे मोल

वस्तूचे मोल वस्तूत असते की ती बाळगणाऱ्याच्या मनात, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. तो समजावून सांगताना पाणी आणि हिरे यांचा दाखला देण्याची प्रथा पडली आहे. उंदराचा दाखला कोणी देत नाही. वस्तुतः एकाच प्राण्याला माणसाने किती परस्परविरोधी किमती लावल्या, हे पाहावयाचे तर उंदराइतके बोलके उदाहरण मिळणे कठीण. धान्याची नासाडी करतो म्हणून त्याला मारण्यासाठी पैसे मोजले जातात. प्रयोगासाठी त्याचीच पद्धतशीर पैदास करून तो विकला जातो. आणि इंग्लंड-अमेरिकेतील अनेक कुटुंबांत तो नाव ठेवून, खांद्यावर बसवून लाडाने पाळला जातो.

हा तिसरा प्रकार ऐकून मराठी वाचकाला शिसारी आली तर ते स्वाभाविक आहे. १८९६ साली मुंबईत आणि पुढल्याच वर्षी पुण्यात प्लेगने जो हाहाकार माजविला, त्याची स्मृती अनेक घराण्यांतून अद्याप पुसलेली नाही. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला हात जोडणारा गृहस्थही माळ्यावर खुडबूड ऐकू आली की पिंजराच शोधतो. तथापि येथे ज्याचा विचार करावयाचा, तो माळ्यावरचा उंदीर नव्हे. इंग्रजीत त्याला ‘फॅन्सी रॅट’ म्हणतात. येथे ‘फॅन्सी’चा अर्थ भपकेबाज असा नसून कबुतरांचा असतो तसा शौक, असा आहे. तपकिरी उंदरातून पिढ्यानुपिढ्या निवड करीत माणसाने तो घडविला. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हा त्याचाच भाऊबंद.

जुगारातून जन्मलेला शौक

या शौकाचा उगम मात्र मुळीच प्रेमळ नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये आखाड्यात उंदीर सोडून त्यांच्यावर कुत्रे घालण्याचा खेळ चाले व त्यावर पैजा लागत. १८२३ साली ‘बिली’ नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. शंभर मारायचे तर आधी शंभर जिवंत पकडायला हवेत. या मागणीवर उंदीर पकडणाऱ्यांचा एक वर्गच उपजीविका करू लागला. स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमार म्हणवून घेणारा जॅक ब्लॅक हा त्यांपैकीच एक. लंडनच्या श्रमजीवी जनतेचे चित्रण करणाऱ्या हेन्री मेह्यू यांच्या ग्रंथात त्याची मुलाखत आहे. पकडलेल्यांत वेगळ्या रंगाचा उंदीर आढळला की ब्लॅक तो मारीत नसे. त्याची पैदास करून पिल्ले तो हौशी लोकांना विकी. विपुल असलेल्या मालातून दुर्मिळ तेवढे निवडून त्याला अधिक दाम मिळविण्याची ही युक्ती होती. तिच्यातूनच घरोघरच्या पिंजऱ्यांत उंदीर आला.

पुढे व्यापाराची जागा जिव्हाळ्याने घेतली. बालसाहित्यकार बिअट्रिक्स पॉटर यांनी १९०८ साली एक पुस्तक आपल्या दिवंगत पाळीव उंदराला अर्पण केले. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांच्या आग्रहामुळे एल्सबरी येथील प्रदर्शनात प्रथमच उंदरांच्या स्पर्धा झाल्या. त्यांच्या पश्चात हा छंद मंदावला. पण १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये केवळ उंदरांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

जिव्हाळा आणि हिशेब

हा जिव्हाळा केवळ माणसाच्या कल्पनेतला आहे काय? शास्त्रज्ञांचे निष्कर्ष वेगळे आहेत. याक पँकसेप यांच्या प्रयोगांत गुदगुल्या केल्यावर उंदीर माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक किलबिलाट करीत आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताकडे पुनःपुन्हा धाव घेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील प्रयोगात उंदरांनी नळीत कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून मोकळे केले. उंदीर हा कळपाने राहणारा जीव आहे. म्हणूनच जाणकार एकटा उंदीर कधी पाळू नये, निदान दोन असावेत, असे बजावतात.

येथेच किमतीचा प्रश्न उभा राहतो. कुत्र्याच्या मानाने उंदीर अतिशय स्वस्त; परंतु त्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. उतारवयात त्याला श्वसनाचे विकार जडतात, गाठी होतात. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या खरेदीच्या कितीतरी पट असतो. शुद्ध हिशेबाने पाहिले तर जुना टाकून नवा घेणेच शहाणपणाचे. मग उपचारासाठी पैसे मोजणारा माणूस अविचारी म्हणावा काय? बाजारभाव हा ‘तसाच दुसरा’ मिळविण्याचा भाव असतो. हाक मारताच पिंजऱ्याच्या दाराशी येणारा, बाहीत शिरून झोपणारा तो एक जीव दुसऱ्या कोणत्याही दामाने भरून निघत नाही. पाश्चात्त्य देशांत पाळण्यासाठी आणि सापांच्या खाद्यासाठी एकाच जातीचे उंदीर विकले जातात. दोघांत फरक पडतो तो फक्त ते कोणाच्या हाती जातात याचा.

जबाबदारीची बाजू

तथापि प्रेमाने सारे प्रश्न सुटत नाहीत. मादी सुमारे तीन आठवड्यांत वितात आणि एका वेळी आठ-दहा पिल्ले सहज होतात. नर-मादी वेगळे न ठेवणाऱ्याच्या घरी लाडाचे रूपांतर संकटात व्हावयास वेळ लागत नाही. २०१७ साली अमेरिकेत घरगुती पैदाशीच्या उंदरांपासून माणसांना ‘सोल’ विषाणूची बाधा झाली होती. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात तर पाळीव उंदरालाही बंदी आहे. त्या शेतीप्रधान प्रांताने १९५० पासून नेटाने उंदीर रोखला आहे. निसटलेली एक जोडी सर्वांची कोठारे धोक्यात घालू शकते. अशा वेळी एकाच्या हौशीचा बोजा शेजाऱ्याने का सोसावा, हा त्या सरकारचा युक्तिवाद सहजी खोडता येण्यासारखा नाही.

उंदीर सर्वांनी पाळावा असा आग्रह कोणी धरणार नाही. मात्र जो पाळील त्याने खरेदीच्या पावतीवरून आपल्या कर्तव्याचे माप काढू नये. पावतीवर प्राण्याची किंमत असते. दोन-तीन वर्षांची सोबत, दुखणी आणि शेजाऱ्याविषयीची जबाबदारी यांचा आकडा तीवर छापलेला नसतो. हा हिशेब घेण्यापूर्वी मांडावयाचा असतो, कारण मागाहून तो चुकता करण्याची पाळी त्या मुक्या जिवावर येते.