प्रादेशिक असमतोल आणि घटनात्मक यंत्रणा : विदर्भ विकास मंडळाचा अनुभव

प्रस्तावना

विकसनशील राष्ट्रांतील सार्वजनिक धोरणाचा विचार करताना कायदा व संस्था या दोन घटकांकडे वेगवेगळे पाहणे आवश्यक ठरते. कायदा शासनाचे कर्तव्य निश्चित करतो. परंतु त्या कर्तव्याचे मोजमाप करणारी, त्याचा पाठपुरावा करणारी व त्याबद्दल जाब विचारणारी संस्था नसेल, तर ते कर्तव्य केवळ कागदावर राहते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि तिच्या अंमलबजावणीचा दीर्घ अनुभवही उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात विदर्भाच्या संदर्भात या तरतुदीचे स्वरूप, तिचा प्रवास व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

करारापासून संविधानापर्यंत

२८ सप्टेंबर १९५३ रोजी महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील नेत्यांमध्ये नागपूर करार झाला. विकास, शिक्षण व शासकीय नोकऱ्या यांत सर्व विभागांना न्याय्य वाटा मिळावा आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूर येथे व्हावे, असे त्यात ठरले. हा करार राजकीय स्वरूपाचा होता. त्याला कायद्याचे बळ नव्हते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) अस्तित्वात आला.

या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर तीन बाबींची विशेष जबाबदारी सोपवू शकतात : विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चासाठी निधीचे समन्यायी वाटप, आणि तांत्रिक शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व राज्याच्या सेवांमध्ये पुरेशी संधी. मंडळांच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणेही बंधनकारक आहे. मात्र येथे 'सोपवू शकतात' ही शब्दयोजना महत्त्वाची आहे. तरतूद अधिकार देते, सक्ती करीत नाही. याचा परिणाम असा झाला, की १९५६ मध्ये संविधानात आलेल्या तरतुदीनुसार राष्ट्रपतींचा आदेश निघण्यास ९ मार्च १९९४ उजाडला. त्यापाठोपाठ ३० एप्रिल १९९४ रोजी राज्यपालांचा आदेश निघाला.

अनुशेषाचे मापन

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल दिला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष, ही तिच्या मापनाची मूळ कल्पना होय. ही तूट भरून काढण्यास लागणारा खर्च रुपयांत मांडला गेला. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी १,२४६.५५ कोटी, म्हणजे सुमारे ३९ टक्के अनुशेष विदर्भाचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर आधारित १४,००६.७७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा ६,६२४.०२ कोटी, म्हणजे सुमारे ४७ टक्के होता. दोन्ही समित्यांचे निकष सर्वस्वी सारखे नसल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि विदर्भाची तूट आपोआप भरून निघत नव्हती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. अनुशेष एका ठरावीक तारखेच्या किमतीने मोजला जातो. काम मात्र पुढील अनेक वर्षांच्या किमतीने करावे लागते. गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. २०१६ मधील सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. अशा स्थितीत ठरलेली रक्कम पूर्ण खर्च झाली, तरी ठरलेले क्षेत्र ओलिताखाली येईलच असे नाही. आर्थिक अनुशेष संपल्यानंतरही अमरावती, अकोला, वाशीम व बुलडाणा या जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष शिल्लक राहिला, तो यामुळेच विचारात घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने अनुशेष म्हणजे हिशेबातील रक्कम नव्हे, तर शेतापर्यंत न पोहोचलेले पाणी होय.

संस्थात्मक मर्यादा

विकास मंडळाचे कार्य विकासपातळीचे मूल्यमापन करणे, खर्चाची पातळी सुचविणे व वार्षिक अहवाल देणे एवढेच होते. निधी वाटपाचे निदेश राज्यपालांनी द्यावयाचे, तरतूद विधिमंडळाने मंजूर करावयाची आणि खर्च शासनाच्या विभागांनी करावयाचा, अशी ही रचना होती. त्यामुळे उद्दिष्ट साध्य न झाल्यास जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. शिवाय निधी उपलब्ध असूनही भूसंपादन, वनजमिनीची परवानगी व रिक्त पदे यांमुळे कामे रखडतात. विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनींचा प्रश्न याचे बोलके उदाहरण आहे. या जमिनी वनच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. एक कायदा विकासाचे कर्तव्य सांगतो आणि दुसरा तितक्याच महत्त्वाच्या कारणासाठी मर्यादा घालतो. या दोहोंची सांगड घालण्याचा अधिकार मंडळाला कधीच नव्हता.

दुसरी मर्यादा कालावधीची. मंडळे मुदतवाढीवर चालत राहिली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. म्हणजे मधली दोन वर्षांहून अधिक काळ मंडळांविना गेली. मंडळ नसले की वार्षिक अहवाल नाही, आणि अहवाल नसला की विधानसभेतील चर्चेचा घटनात्मक आधारही नाहीसा होतो. ब्राझीलमध्येही ईशान्य भागासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेली 'सुदेने' ही विकाससंस्था २००१ मध्ये बरखास्त झाली व २००७ मध्ये पुन्हा स्थापन करावी लागली. मागास प्रदेशांसाठीच्या संस्था राजकीय इच्छेवर अवलंबून असतील, तर त्यांचे सातत्य टिकत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

निष्कर्ष

डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात अनुशेषाच्या चौकटीपलीकडे जाऊन विकासाचा विचार मांडला. ती दिशा योग्य असली, तरी मोजमाप सोडून देणे हिताचे नाही. वरील विवेचनावरून तीन बाबी आवश्यक वाटतात : पहिली, अनुशेष रुपयांबरोबरच हेक्टर, किलोमीटर व भरलेली पदे अशा भौतिक एककांत मोजावा, दुसरी, मंडळांचे अस्तित्व मुदतवाढीवर अवलंबून ठेवू नये, तिसरी, राज्यपालांच्या निदेशांचे पालन झाले किंवा नाही, याचा विभागनिहाय हिशेब विधानसभेपुढे दरवर्षी यावा. संविधानाने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. त्या तत्त्वाला नियमित हिशेबाची जोड मिळाली, तरच त्याचा लाभ शेतकऱ्यापर्यंत व विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.