साखर कारखान्याचा पाइप आणि होडीचा सायलेन्सर



भालकी, हुमनाबादकडे साखर कारखान्यावर काम केलेली माणसं आपल्यातही आहेत. बॉयलरमधून निघालेल्या वाफेच्या पाइपांना चकचकीत पत्रा गुंडाळलेला त्यांनी पाहिला असेल. तो पत्रा शोभेचा नाही बरं का. आत रॉकवूल असतं, पत्रा त्याला पाण्यापासून वाचवतो.

हिशोब बघा. चार इंची पाइपात 150 अंशाची वाफ असेल आणि पाइप उघडा असेल, तर एका मीटरमागे साधारण 500 वॅट उष्णता हवेत जाते. म्हणजे मीटरभर पाइपावर एक लहान हिटर दिवसरात्र चालू. दोन इंच रॉकवूल गुंडाळलं की नुकसान जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतं, आणि तेवढा बगॅस वाचतो. पण बऱ्याच ठिकाणी सरळ पाइप झाकतात आणि व्हॉल्व्ह, फ्लँज उघडेच ठेवतात. एक उघडा व्हॉल्व्ह मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता सहज घालवतो.

उष्णता अडवते ती धाग्यांत अडकलेली हवा. रॉकवूल भिजलं की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. शिवाय आतून पाइप गंजतो, तो दिसतही नाही.

आता आपल्या कामाचं. ज्यांच्या होडीत डिझेल इंजिन आहे, त्यांनी धुराचा पाइप बघावा. कारखाना उष्णता वाचवायला पाइप झाकतो, आपण माणूस आणि होडी वाचवायला झाकायचा. लोड आला की इंजिनाजवळ हा पाइप 400 अंशाच्या वर जाऊ शकतो. डिझेलला ठिणगी नसतानाही पेट घ्यायला अडीचशेच्या आसपास पुरतात. इंधनाची नळी गळून थेंब पाइपावर पडला तर? म्हणूनच मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियम आहे: जिथे इंधन उडू शकतं तिथला 220 अंशांवर तापणारा भाग झाकलेलाच हवा.

फायबर ग्लासची उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, स्टीलच्या तारेने आवळा, वरून पत्रा लावा. पत्रा महत्त्वाचा, कारण डिझेल प्यायलेली पट्टी म्हणजे दिव्याची वातच. तशी पट्टी धुऊन परत लावू नका, बदला. आधी गळती बंद करा, मग गुंडाळा.

जुन्या होडीत पाइपावर करड्या रंगाची जाड दोरी असेल तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनी आजार काढते. ओरबाडू नका, झाडू मारू नका, पोरांना लांब ठेवा. जाणकाराकडूनच काढून घ्या.